मुक्काम रांझी: फोनवरचा पहिला शब्द

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी एक निरोप फिरून फिरून येतो. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचे नाव म्हणे मार्गारेट हॅलो. पहिला फोन त्याने तिला केला, तिचे नाव घेतले, आणि तेव्हापासून सारे जग फोन उचलताना त्या मुलीचे नाव घेते. शेवटी तात्पर्यही असते: लोक बेलला विसरले, प्रेयसीला विसरले नाहीत. कोर्समेट्सचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि सोसायटीचा ग्रुप मिळून हा निरोप मला डझनभर वेळा तरी आला असेल. गोष्ट गोड आहे. अडचण एवढीच, की ती खरी नाही.

बेलने १० मार्च १८७६ रोजी बोस्टनमध्ये तारेवरून पहिले वाक्य उच्चारले ते दुसऱ्या खोलीतल्या वॉटसन या मदतनिसाला बोलावून घेण्यासाठी. पुढच्या वर्षी ११ जुलैला त्याचे लग्न झाले ते मेबल हबर्ड हिच्याशी. मेबल लहानपणीच्या आजारात बहिरी झालेली होती. ज्या माणसाने जगाला दूरचे ऐकायला शिकवले, त्याच्या बायकोला त्याचा फोन कधी ऐकूच आला नाही. खरी गोष्ट बनावट गोष्टीपेक्षा जास्त चटका लावणारी आहे, पण ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

खुद्द बेलला 'हॅलो' पसंत नव्हते. त्याला फोनवर 'अहॉय' म्हणायचे होते. दर्यावर्दी लोक एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला हाक मारतात तो शब्द. 'हॅलो'ची शिफारस केली ती थॉमस एडिसनने. पिट्सबर्गच्या टेलिग्राफ कंपनीचे प्रमुख टी. बी. ए. डेव्हिड यांना त्याने पत्र लिहिले, की पलीकडच्या माणसाचे लक्ष वेधायला वेगळी घंटा लावण्याची गरज पडेल असे वाटत नाही; 'हॅलो' दहा-वीस फुटांवरून सहज ऐकू येतो. पत्राची तारीख आपल्याला विसरता येणार नाही अशी आहे: १५ ऑगस्ट १८७७.

या पत्रातला मुद्दा नीट लक्षात घ्या. तेव्हाच्या कल्पनेप्रमाणे दोन कचेऱ्यांमधली लाईन कायम जोडलेली राहणार होती. ती जिवंत करायची म्हणजे ओरडायचे. 'हॅलो' हे मुळात अभिवादन नव्हतेच, ती आरोळी होती. इंग्रजीत तो शब्द आधीपासून होता, पण लक्ष वेधण्यासाठी, आश्चर्य दाखवण्यासाठी, शिकारीत कुत्र्यांना चेव आणण्यासाठी अशा वेगवेगळ्या रूपांत. टेलिफोनने त्याला एक रूप दिले आणि माणसांत आणून बसवले. अमेरिकेत न्यू हेवनला १८७८ च्या जानेवारीत पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले. त्याच वर्षीच्या तिथल्या डिरेक्टरीत ग्राहकांना सूचना होती, की संभाषण 'हलोआ'ने सुरू करावे आणि 'एवढेच' अशा अर्थाच्या शब्दांनी संपवावे. सुरुवातीचा शब्द जगाने घेतला. शेवटचा कुणी घेतला नाही. आपण मराठी माणसांनी त्यासाठी आपली सोय केली: "बरं, ठेवू?" रिसीव्हर ठेवायचा असे तेव्हाची ही क्रिया. आता ठेवायला हातात काही उरले नाही, तरी आपण मोबाईलवरही 'ठेवतो'च.

भारतात टेलिफोन आला तो २८ जानेवारी १८८२ ला. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथली एक्स्चेंजेस तेव्हा सुरू झाली. कलकत्त्याच्या एक्स्चेंजचे वर्गणीदार होते ९३. यंत्राबरोबर 'हॅलो'ही आले आणि आपल्या सगळ्या भाषांनी ते बिनतक्रार घेतले. पुढे टेलिफोनला 'दूरध्वनी' हा चांगला मराठी शब्द मिळाला, पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांत बसला. 'हॅलो'च्या जागी मात्र असा सर्वांचा शब्द बसला नाही. कारण आपल्या अभिवादनांना समोर माणूस लागतो. नमस्काराला हात जोडावे लागतात, रामराम रस्त्यात गाठ पडल्यावर घालायचा असतो. माणूस दिसत नाही, आहे की नाही तेही ठाऊक नाही, अशा वेळी काय म्हणायचे हा प्रश्न आपल्या आजी-पणजीला कधी पडलाच नव्हता.

म्हणून आपल्याकडेही 'हॅलो' बराच काळ आरोळीच राहिला. ट्रंक कॉल बुक करून तास-तास वाट पाहणारी पिढी आठवा. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार. मध्ये ऑपरेटर. लाईन लागली की घरातला कर्ता माणूस असा ओरडायचा, की तारेची गरज नव्हती असे शेजाऱ्यांना वाटावे. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते पत्त्याखाली शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे 'पी.पी.' लिहीत, आणि शेजाऱ्याच्या फोनवरचे पहिले वाक्य असे, "हॅलो, जरा वरच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावता का?" नोव्हेंबर १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्यात देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि हळूहळू मधला ऑपरेटर गेला. ओरडणे मात्र राहिले. माझे वडील अजून पुण्याला फोन करताना हळू बोलतात आणि जबलपूरला करताना मोठ्याने.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही खडकवासल्याला कॅडेट होतो. रविवारी लिबर्टी मिळाली, की पुण्यातल्या एसटीडी बूथबाहेर आमची रांग. काचेच्या कपाटाएवढी जागा, समोर लाल आकडे पळवणारा मीटर. त्या मीटरने आमच्या पिढीला एक गोष्ट शिकवली: 'हॅलो'त वेळ घालवायचा नाही. पण घरची माणसे त्या एका 'हॅलो'वरून सारे ओळखायची. घसा बसलाय, झोप झालेली नाही, शिक्षा झालेली दिसते. पुढचे दोन मिनिटांचे बोलणे आम्ही कितीही सजवले, तरी पहिल्या शब्दाने आम्हाला आधीच फोडलेले असायचे.

पुढे उत्तरेतल्या एका उंच चौकीवर उपग्रहाच्या फोनवरून जवान घरी बोलायचे. हा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, आणि उत्तर परत यायला आणखी पाव. अर्धा सेकंद म्हणजे काही फार नाही असे वाटते, पण संभाषण मोडायला तेवढा पुरतो. दोन्हीकडून एकदम 'हॅलो', मग दोन्हीकडे एकदम शांतता, मग परत एकदम 'हॅलो'. यावर आमच्या एका हवालदाराने सातारा जिल्ह्यातल्या आपल्या आईला वायरलेसची शिस्त शिकवली. बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणायचे, मग दुसऱ्याने बोलायचे. माउली आठवड्यात तरबेज झाली. "जेवलास का, ओव्हर. थंडी लई हाय का, ओव्हर." शेवटी "ठेवते, ओव्हर" असेही म्हणायची. ओव्हर म्हणजे 'आता तू बोल', ठेवताना 'आउट' म्हणायचे, हे तिला सांगण्याची हिंमत कुणाला झाली नाही.

सध्या माझा मुक्काम जबलपूरच्या कारखान्यांच्या टापूत, रांझीला आहे. रांझी म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९०४ चा गन कॅरेज कारखाना, १९४२ चा खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि १९६९ चा वाहन कारखाना यांच्या आसऱ्याने वाढलेली ही वस्ती. शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाडी ज्यांनी चालवली आहे त्या माजी सैनिकांना वाहन कारखाना वेगळा सांगायला नको. 'जोंगा' या नावात तर जबलपूर हे गावच दडलेले आहे. कारखान्यांच्या नोकरीने इथे मल्याळी आले, बंगाली आले, तेलुगू, उडिया, बिहारी, पंजाबी आले. मराठी माणसेही आली, कारण खडकी, देहू रोड, भुसावळ, वरणगाव, अंबरनाथ, भंडारा, अंबाझरी अशी कारखान्यांची मोठी रांग आपल्याकडे आहे आणि बदली कुणाला चुकत नाही. शिवाय जबलपूरचा मराठीशी संबंध जुना. १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १९५६ पर्यंत हे गाव नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते.

रांझीच्या बाजारात उभे राहून नुसते कान उघडे ठेवले, तरी लोक फोन कसा उचलतात याचा अभ्यास होतो. अस्सल जबलपुरी माणूस म्हणतो, "काय बड्डे!" पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, कुणी मराठी माणूस आहे. पण हे 'काय' बुंदेलीतले, 'का रे' अशा अर्थाचे, आणि 'बड्डे' म्हणजे थोरला भाऊ. किराणा दुकानातले शेठ 'जय जिनेंद्र' म्हणतात. भाजीवाल्या मावशी 'राधे राधे' म्हणतात. निवृत्त फोरमन 'हॅलो' म्हणून लगेच आपले आडनाव सांगतात. आणि नागपूरकडून आलेला माझा एक सहकारी घरचा फोन 'जय भीम'ने उचलतो. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिले जाते, म्हणजे तेव्हाच्या याच प्रांतातल्या माणसाला.

हे ऐकता ऐकता मला वाटू लागले, की फोन उचलल्यावरचा पहिला शब्द नेहमी कुठल्या तरी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असतो. जगभरच्या भाषा पाहिल्या तर असे चार प्रश्न दिसतात.

पहिला प्रश्न: लाईन चालू आहे का? इटालियन माणूस 'प्रोंतो' म्हणतो, म्हणजे 'तयार'. मेक्सिकोत 'ब्वेनो' म्हणतात, म्हणजे 'ठीक'. जुन्या काळी लाईन ठीक आहे हे सांगण्यासाठी तो शब्द आला असे तिथे मानतात. पोर्तुगीज माणूस 'श्तो' म्हणतो, 'मी आहे'. एडिसनचा 'हॅलो' याच घरातला. आपला "ऐकू येतंय का?" त्याचा सख्खा भाऊ.

दुसरा प्रश्न: कोण बोलतंय? जर्मन माणूस फोन उचलून सरळ आपले आडनाव सांगतो. डच माणूसही नाव सांगतो. विचारायची वेळच येऊ देत नाही. आपल्याकडे नेमके उलटे. फोन करणाराच विचारतो, "कोण बोलतंय?" आणि उचलणारा म्हणतो, "आपण कोण?" दोघेही आधी दुसऱ्याचे पत्ते पाहू इच्छितात.

तिसरा प्रश्न: आता काय? स्पेनमध्ये 'दीगा' म्हणतात, म्हणजे 'सांगा'. रशियन माणूस 'स्लुशायु' म्हणतो, म्हणजे 'ऐकतोय'. तमिळ माणूस 'सोल्लुंगा' म्हणतो, नेपाळी 'हजुर' म्हणतो. आपले "हं, बोला" याच जातीचे. ग्रीक माणूस 'एम्ब्रोस' म्हणतो, म्हणजे 'पुढे'. कवायतीच्या हुकुमासारखा हा शब्द मला विशेष आवडतो. जपानचा 'मोशी मोशी' हा 'सांगतो, सांगतो' अशा अर्थाच्या नम्र क्रियापदापासून आला. तिथे १८९० मध्ये टोकियो आणि योकोहामा यांच्यात फोन सुरू झाला, तेव्हा बडी मंडळी 'ओई ओई' अशी गड्याला मारावी तशी हाक मारायची असे सांगतात. ऑपरेटरची नम्र भाषा शेवटी सगळ्या देशाने घेतली.

चौथा प्रश्न जरा निराळा: मी कुणाचा? 'जय जिनेंद्र', 'जय भीम', 'रामकृष्ण हरी', 'जय श्रीकृष्ण' ही उत्तरे नाव सांगत नाहीत, लाईनबद्दल काही म्हणत नाहीत. ती सांगतात, की माझी माणसे कोण. हा प्रश्न आपल्या देशात जितका ऐकू येतो तितका इतरत्र क्वचितच येत असेल.

आता आमच्याकडे, म्हणजे फौजेत. लष्कराचा कोणताही फोन लावा, पहिला शब्द 'जय हिंद'. त्यापुढे एक्स्चेंजचे नाव, मग 'सर' किंवा 'साहेब'. आम्हाला हे इतके अंगवळणी पडलेले असते, की घरी बायकोचा फोनही कधी कधी 'जय हिंद'ने उचलला जातो आणि पलीकडून हसू येते. पण पलटणीतल्या पलटणीत अजूनही 'राम राम साब' आहे, 'सत श्री अकाल' आहे. दोन्ही एकत्र कसे नांदतात, आणि 'जय हिंद' आमच्याकडे आले कुठून, हे जबलपूरला बसून सांगणे सोपे आहे, कारण त्या गोष्टीचे दोन तुकडे या गावात सापडतात.

पहिला तुकडा मार्च १९३९ चा. काँग्रेसचे त्रिपुरी अधिवेशन जबलपूरजवळ भरले, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि दोन वर्षांत देशही. जर्मनीत त्यांनी हिंदी युद्धकैद्यांमधून सैन्य उभे करायला घेतले, तेव्हा एक साधीच अडचण आली. जवान एकमेकांना भेटल्यावर म्हणणार काय? रजपूत 'राम राम' म्हणे, शीख 'सत श्री अकाल', मुसलमान 'सलाम'. इंग्रजांनी पलटणी जातवार, धर्मवार बांधल्या होत्या, तशी अभिवादनेही वेगळी. नेताजींना सगळे एका तुकडीत हवे होते, मग सगळ्यांच्या तोंडी बसेल असा एक शब्द हवा होता. बोसांचे सहकारी, हैदराबादचे आबिद हसन यांनी तो दिला असे मानतात: 'जय हिंद'. श्रेयाचे इतरही दावेदार आहेत, पण गरज काय होती याबद्दल दुमत नाही. वर सांगितलेल्या चौथ्या प्रश्नाला, मी कुणाचा, सर्वांना एकच उत्तर देता यावे म्हणून तो शब्द घडवला गेला.

दुसरा तुकडा फेब्रुवारी १९४६ चा. तो सांगण्याआधी सिग्नल्सबद्दल दोन ओळी. भारतीय लष्करातल्या या दलाचा जन्म १५ फेब्रुवारी १९११ चा, फतेहगडचा. सुरुवातीच्या चार डिव्हिजनल सिग्नल कंपन्यांपैकी दोन, ३३ वी आणि ३४ वी, त्याच वर्षी आपल्या अहमदनगरला उभ्या राहिल्या. दलाचे ब्रीद 'तीव्र चौकस'. पहिल्या महायुद्धानंतर प्रशिक्षण केंद्र जबलपूरला आले आणि आजही पहिले सिग्नल प्रशिक्षण केंद्र इथेच आहे, दुसरे गोव्यात.

१९४६ च्या आरंभी आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरच्या खटल्यांनी देश तापला होता. मुंबईत नौदलाची संदेशवहनाची शाळा होती, 'तलवार'. तिथले टेलिग्राफिस्ट बलाई चंद दत्त यांनी फेब्रुवारीच्या सुरुवातीला वरिष्ठांच्या भेटीआधी रातोरात 'जय हिंद' आणि 'चले जाव' रंगवले आणि पकडले गेले. १८ फेब्रुवारीला 'तलवार'वर नाविकांनी अन्न नाकारले आणि नौदलाचे बंड सुरू झाले. नऊ दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, जबलपूरच्या सिग्नल केंद्रातले जवान काम सोडून बाहेर पडले. सुमारे १,७०० जण. त्यांच्या हातात काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही पक्षांचे झेंडे होते, आणि तोंडी 'जय हिंद' आणि 'इन्किलाब झिंदाबाद'. मोर्चा शहरातल्या टिळकभूमी तलैयापर्यंत गेला. तक्रारी पगाराच्या होत्या, जेवणाच्या होत्या, गोऱ्या सैनिकांच्या तुलनेत मिळणाऱ्या वागणुकीच्या होत्या, आणि आझाद हिंदच्या माणसांना दिलेल्या शिक्षांचीही होती. त्यांनी कुणा अधिकाऱ्यावर हात उचलला नाही. त्यांना आवरायला मात्र गोरे सैनिक संगिनी लावून आले आणि अनेक जण जखमी झाले. काही दिवसांत सगळे शांत झाले. काहींवर कोर्ट मार्शल झाले, कितीतरी जणांना निवृत्तिवेतनाशिवाय घरी पाठवण्यात आले.

मुंबईत संदेशवहनाची शाळा, जबलपूरला संदेशवहनाची शाळा. हा निव्वळ योगायोग नसावा. तारेवर आणि बिनतारी यंत्रावर बसणारा माणूस शिकलेला असतो, वर्तमानपत्र वाचतो, आणि देशात कुठे काय चालले आहे हे त्याला इतरांच्या आधी कळते. त्याच्या कानावरून सगळ्यांचे 'हॅलो' जात असतात.

वर्दीतल्या माणसाला हा विषय अवघड आहे. शिस्त मोडणे म्हणजे काय, आणि ती मोडली की पलटणीचे काय होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. मी त्या मोर्चाचे गोडवे गात नाही. पण एक तारीख त्या प्रसंगाच्या शेजारी ठेवतो. २१ नोव्हेंबर १९४७ ला स्वतंत्र भारताचे पहिले टपाल तिकीट निघाले. साडेतीन आण्यांचे, त्यावर तिरंगा, आणि कोपऱ्यात दोन शब्द: 'जय हिंद'. जबलपूरच्या मोर्चाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. जी घोषणा देत शिपाई नोकरीला मुकला, ती सरकारने गोंद लावून घरोघर पाठवली. आज त्याच केंद्रात दाखल होणारा रंगरूट, केरळचा असो की नागालँडचा, फोनवर बोलायला शिकताना पहिला शब्द 'जय हिंद' शिकतो. नौदलाच्या बंडावर पुस्तके निघाली, नाटक झाले, मुंबईत स्मारक झाले. जबलपूरच्या माणसांना इतिहासात फार तर एखादा परिच्छेद मिळतो.

असे दुसऱ्या फौजांतही घडले आहे. १९१८ मध्ये अमेरिकेने फ्रान्समध्ये लढणाऱ्या आपल्या सैन्यासाठी इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलणाऱ्या टेलिफोन ऑपरेटर मुली पाठवल्या, दोनशेहून अधिक. त्यांना नाव पडले 'हॅलो गर्ल्स'. त्यांनी शपथ घेतली होती, गणवेश घातला होता, काहींनी तोफांच्या आवाजात स्विचबोर्ड सांभाळले होते. युद्ध संपल्यावर त्यांना सांगण्यात आले, की तुम्ही सैनिक नव्हता, नागरी नोकर होता. माजी सैनिक म्हणून मान्यता देणारा कायदा झाला १९७७ मध्ये, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. तेव्हा त्यांच्यातल्या थोड्याच हयात होत्या. लाईनवर पहिला शब्द बोलणाऱ्या माणसाची नोंद कागदावर सगळ्यात शेवटी होते, असा हा धडा आहे. पेन्शनच्या कागदांसाठी खेटे घालणाऱ्या माझ्या माजी सैनिक वाचकांना तो वेगळा समजावायला नको.

अलीकडे महाराष्ट्रात 'हॅलो'चा प्रश्न शासनाच्या पातळीवर निघाला होता. १ ऑक्टोबर २०२२ ला शासन निर्णय आला आणि दुसऱ्या दिवशी, गांधी जयंतीपासून, सरकारी अधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावे असे आवाहन झाले. सक्ती नाही असेही सांगण्यात आले. त्यावर विरोधी बाजूने 'जय बळीराजा' पुढे आले. त्या वादात पडण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. माझ्या कामाचा मुद्दा एवढाच, की शब्द सुचवता येतो, पण रुजतो तो गरजेने. 'हॅलो' रुजले, कारण पलीकडे कुणी आहे का हे कळायला हवे होते. 'जय हिंद' रुजले, कारण चार तऱ्हेच्या माणसांना एका तुकडीत उभे राहायचे होते. 'राम राम' आणि 'सत श्री अकाल' पलटणीत टिकले ते याच कारणाने. तिथे सगळे आपापल्यातलेच, तिथली गरज जिव्हाळ्याची. फोन मात्र पलटणीच्या कुंपणाबाहेर जातो. पलीकडे कोण असेल ठाऊक नसते. तिथे सर्वांचा शब्द लागतो.

आणि सर्वांचा शब्द म्हटला, की तो चोरांच्याही हाती लागतो. जुन्या वस्तू विकण्याच्या नावाखाली ऑनलाईन फसवणारे भामटे हल्ली स्वतःला फौजी म्हणवतात आणि फोनची सुरुवात तोंडभरून 'जय हिंद'ने करतात. बदली झाली आहे, स्कूटर स्वस्तात द्यायची आहे, आधी थोडे पैसे पाठवा. निवृत्त मंडळींना तर 'जय हिंद साब' ऐकले की समोरचा आपलाच वाटतो. याबाबत आमच्याकडचा जुना नियम घरीही पाळावा. अभिवादन म्हणजे ओळखपत्र नव्हे. पहाऱ्यावरचा जवान येणाऱ्याचा 'जय हिंद' ऐकून फाटक उघडत नाही. आधी 'थम, कौन आता है' विचारतो. फोनवरही 'जय हिंद'ला 'जय हिंद'च म्हणावे, आणि पैशाचे नाव निघाले की पलटण, केंद्र आणि हाताखाली शिकलेल्या उस्तादाचे नाव विचारावे. खरा फौजी अर्धा तास सांगत बसेल. खोटा फोन ठेवेल.

कॉल कुणाचा हे आता पडद्यावर आधीच दिसते. 'कोण बोलतंय' हा प्रश्न मोबाईलने संपवला, लाईनचा प्रश्नही बराचसा संपवला. तरुण पोरे 'हॅलो'सुद्धा म्हणत नाहीत, थेट 'हां, बोल'. चारपैकी चौथा प्रश्न तेवढा शिल्लक आहे, आणि त्याचे उत्तर कुठलेही यंत्र देऊ शकत नाही. निवृत्त होऊन वीस-वीस वर्षे झालेले सुभेदार साहेब माझा नंबर पडद्यावर पाहतात, मी कोण ते त्यांना माहीत असते, तरी फोन उचलून आधी खणखणीत 'जय हिंद साहेब' म्हणतात आणि मगच गुडघ्याचे दुखणे सांगायला घेतात. ते ऐकताना मला आता १९४६ ची ती १,७०० माणसे आठवतात, ज्यांना हे दोन शब्द फुकट मिळाले नव्हते. त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचा शब्द मात्र आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. पुढच्या वेळी तो जरा नीट, अख्खा उच्चारू.

बरं, ठेवतो. जय हिंद.